औटकी

मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी साडेसहा ते सव्वानऊ.
खोली एकशे चौदा.
दिवसा इथे विशीतली पोरं बसतात.
बाकाखाली त्यांचं च्युइंगगम, आमचे गुडघे.

टोलीडोत आज पुन्हा बर्फ.
पार्किंगच्या कडेला लोटलेले ढीग करडे पडलेत,
आणि मी, नलू ढवळे, वय चौपन्न,
अकरा वर्षं औषधांच्या दुकानात गल्ल्यावर,
कोटाची अडकलेली चेन ओढत विचार करते,
इतक्या वर्षांत हा क्ष कुणालाच कसा सापडला नाही?

गल्ल्याच्या मागे काच, काचेमागे गोळ्या मोजतात.
निळ्या ताटलीत, चपट्या सुरीनं, पाच-पाच.
मला तिथे उभं राहायचंय.
ताशी सव्वादोन डॉलर जास्त, हे एक कारण.
दुसरं लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.

दहावीला गणितात पासाला चार मार्क कमी.
त्या चार मार्कांच्या जागी आईनं शिवणयंत्र आणलं.
अण्णा काही बोलले नाहीत.

शेजारी डेल्बर्ट. काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं,
मग कारखानाच गेला.
कमरेला मोजायची टेप अजून असते,
सवय, म्हणतो, लग्नाच्या अंगठीसारखी.
पलीकडे हनान, फोन मांडीवर पालथा,
धाकट्याला ताप आहे.

कोवाल्चिक बाईंनी फळ्यावर लिहिलं
साडेतीन गुणिले सात.
कॅल्क्युलेटर नाही, म्हणाल्या.
हीटर खडखडला. पेनं चावली गेली.

आणि माझ्या तोंडून, मला न विचारता,
भर वर्गात, मराठीत:
सात औट साडेचोवीस.

सगळे वळले.
मी घाईघाईनं उत्तर इंग्रजीत केलं.
बरोबर आहे, बाई म्हणाल्या,
पण रीत दाखव.

रीत.
रीत म्हणजे सांगलीचं मार्केट यार्ड,
गुळाच्या ढेपा, घोंघावणाऱ्या गांधीलमाश्या,
अण्णा मापाडी, काट्याकडे बघत, पाठ माझ्याकडे,
एक औट साडेतीन, बे औट सात,
आणि पोत्यावर बसलेली मी, पाय हलवत,
तीन औट साडेदहा.
चुकलं तर ते रागवायचे नाहीत,
नुसते थांबायचे. पुढची ढेप तशीच लटकत.
पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी,
सगळं दातांमागे साखरेसारखं चिकटलेलं,
आणि शाळेच्या पुस्तकात त्यातलं एक अक्षर नाही.

हे फळ्यावर कसं लिहू?
खडू हातात धरून उभी राहिले.
अर्धा मार्क मिळाला.

मधल्या सुट्टीत, कोकच्या मशीनपाशी,
डेल्बर्ट म्हणाला, तो शब्द पुन्हा सांग.
औट.
आऊट? बेसबॉलमधला?
असेल. साडेतीनला आमच्याकडे स्वतःचं नाव आहे.
माणसासारखं? माणसासारखं.
तो बराच वेळ हसला, मग खोकला,
मग टेप काढली.

साडेतीन इंच. अंगठ्याच्या नखानं खूण धरली,
कानामागची पेन्सिल घेतली,
आणि कॉरिडॉरच्या पांढऱ्या भिंतीवर एक रेघ.
टेप सरकवली. दुसरी. तिसरी.
कागदावर जो दर वेळी अडतो
तो भिंतीवर एकदाही थांबला नाही.
मी मोजत होते, मोठ्यानं.
तो मागून म्हणत होता, आउट, आउट,
हनान दारात उभी राहून बघत होती.
सातव्या रेघेवर त्यानं टेप पहिल्यापासून ताणली,
साडेचोवीस.

ही रीत, म्हणाला.

पाच मिनिटं उशीर झाला आम्हाला.
बाईंनी घड्याळाकडे बघितलं, बोलल्या नाहीत.

घरी जाताना गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडलं,
किती वेळ, मोजलं नाही.
परीक्षा तीन आठवड्यांवर आहे.
समीकरणं मला अजून येत नाहीत,
डेल्बर्टला छेदाचा छेद येत नाही.

गुरुवारी पाहिलं,
भिंत पुसलेली होती. नीट, फडक्यानं.
सहा रेघा गेल्या.
सातवी मशीनच्या आडोशाला राहिली होती.