झडती

नाशिकरोडच्या छापखान्यात
पाळी सुटली की आम्ही रांगेत उभे राहतो, हात वर करून.
खिसे उलटे. डबा उघडा.
चपलासुद्धा काढून झटकायच्या.
सव्वीस वर्षं झाली, तरी
पहारेकऱ्याचा हात बरगड्यांवरून फिरला
की मला द्राक्षांचा वास येतो.

शरणपूरच्या देवळात हंगामाचा सण होता.
वेदीपुढे भोपळे, बाजरीची कणसं,
पाय बांधलेली एक गावरान कोंबडी,
आणि पिंपळगावहून कुणीतरी आणलेली
द्राक्षांची करंडी, खाली वर्तमानपत्र घातलेली.
उपासना झाली की सगळ्याचा लिलाव व्हायचा.
मी नऊ वर्षांचा, वसतिगृहातला.
नाव ओबेद. म्हणजे सेवक,
असं नाव ठेवणाऱ्यांनीच सांगितलेलं.
म्हणून मी सतरंज्या झटकायचो,
घंटेची दोरी ओढायचो,
आणि ताटात काही पडलं की
आधी वर बघायचो,
वाढणाऱ्याचा चेहरा कसा आहे ते.

आदल्या रात्री मी आत शिरलो.
काळोखात देवाचं घर फार मोठं असतं.
एकच मणी, म्हटलं.
मग एक घड. मग आणखी एक.
मग देठांचं काय करायचं कळेना,
ते चड्डीच्या खिशात कोंबले
आणि तसाच झोपलो.

सकाळी खजिनदार उन्हवण्यांनी करंडी पाहिली.
"सगळ्या पोरांचे खिसे बघा."
चिंचेखाली रांग लागली. हात वर.
माझे गुडघे एकमेकांशी बोलत होते.

स्वयंपाकाच्या सलोमीबाई
पदराला हात पुसत आल्या,
थेट माझ्याचकडे.
खिशात हात घातला,
देठ बाहेर काढले,
आणि लपवले नाहीत. तळहातावर धरले,
सगळ्यांना दिसतील असे.

"हे बघा. सापडलं.
आता मला सांगा, खजिनदार,
घरच्या पोरानं फडताळातलं खाल्लं
तर त्याला चोरी म्हणतात का?
बापाचं घर आहे ना हे?
का ते नुसतं गाण्यापुरतं?"

कुणी काही बोललं नाही.
कोंबडी तेवढी बोलली.

माझा कान मात्र त्यांनी पिळला,
चांगला लाल होईस्तोवर.
"मागायचं असतं रे गाढवा," म्हणाल्या,
"आपल्याच घरात अंधारात कशाला खातोस?"

लिलावात ती अर्धी करंडी कोण घेणार?
उन्हवण्यांनीच अकरा रुपये बोलले,
चढ्या आवाजात, कुणी चढवत नसताना.
आणि आमच्या पुढ्यात आपटून म्हणाले,
"धुऊन खा. औषध मारलेलं असतं."

त्या दुपारी मी वर न बघता
दुसरी भाकरी मागितली.

आता माझ्या हाताखालून
रोज हजारो पासपोर्ट जातात, कोरे.
कुणाचं नाव, कुणाच्या बापाचं,
ते पुढे दुसरीकडे भरतात.
मागच्या महिन्यात माझा स्वतःचा अर्ज भरला.
वडिलांच्या नावाशी पेन थांबलं.
ती ओळ रिकामी राहिली.
खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
मी काही समजावत बसलो नाही.
त्यांचा रकाना तेवढाच.

सलोमीबाईंना मूल नव्हतं.
गेल्या, तेव्हा दगडावर आम्ही
'मुलं' असं लिहून खाली अठरा नावं घातली.
गवंडी म्हणाला, आडनावं जुळत नाहीत.
आम्ही म्हटलं, कोर.
त्यानं प्रत्येक अक्षराचे पैसे लावले.
माझं नाव सातवं आहे. जरा तिरकं आलंय.

उद्या पुन्हा गेट. हात वर, खिसे उलटे.
खिशात काही नसतं, रुमाल आणि सुटे पैसे.
पण कधी कधी वाटतं,
त्याच्या बोटांना देठ लागतील एखाद्या दिवशी,
आणि तो ते उजेडात धरेल,
सगळ्यांना दिसतील असे.

वाटतं, आणि गुडघे
गप्प असतात.