रकाना सात

कचेरी धान्याच्या उंच कोठारांच्या पलीकडे,
दंतवैद्याच्या शेजारी, एकाच छपराखाली.
एकतीस वर्षं मी या खिडकीमागे बसते.
काउंटीतल्या प्रत्येक शेताचं आकाशातून काढलेलं चित्र
माझ्या कपाटात आहे.
कुणाचा बांध कुणाच्या रानात किती सरकला
हे मला त्यांच्या बायकांआधी कळतं.

मार्चमध्ये यादी येते.
वर्तमानपत्र ती छापतं, नावं आणि नावांपुढे आकडे,
आणि दोन दिवस ओलीटाच्या कॅफेत
बशीतली अंडी थंड होतात.
मोठ्यानं कुणी वाचत नाही.
बोट फिरतं फक्त,
शेजाऱ्याच्या नावापाशी जरा रेंगाळतं.

सगळ्यात मोठा आकडा
फिनिक्समधल्या कुठल्याशा बाविसाव्या मजल्यावर जातो.
त्या कंपनीच्या बुटाला आमची माती कधी लागलेली नाही.
तिच्याबद्दल बोलणार काय, आणि कुणाशी?
बोलतात ते एमेट श्लागेलबद्दल.
अकरा हजार दोनशे चौदा डॉलर.
काही न करण्याचे.

खोटं नाही ते.
उताराची ऐंशी एकर त्यानं दहा वर्षांसाठी
गवताला लिहून दिली आहेत.
पेरायची नाही, चारायची नाही,
पक्षीण अंड्यांवर आहे तोवर कापायचीही नाही.
वाऱ्यावर उडून जायचं नाही, एवढंच त्या मातीनं करायचं.
याच उतारावर त्याच्या आजोबाला सरकारनं सांगितलं होतं,
नांगरलीस तर तुझी.
त्यानं नांगरली. दोन खेचरं मेली त्यात.
तो कागदही माझ्याच कपाटात आहे, खालच्या खणात.

परवा गुरुवारी एमेट आला, जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं असताना.
टोपी काढली. टोपीत घडी घातलेलं कात्रण.
"आर्लिस, नाव काढता येतं का यातून?"
पैसे घेतले की नाव राहतं, मी म्हटलं.
"आणि नाही घेतले तर?"
करार मोडला तर सहा वर्षांचे परत, व्याजासकट, वर दंड.
मी कॅल्क्युलेटर त्याच्याकडे वळवला.
गारपीट पाहावी तसा त्यानं तो आकडा पाहिला,
उभ्यानं, न बोलता.
मग म्हणाला, "बरं. पेन दे."

रकाना सात: सदर जमिनीवर या वर्षी काय केलं?
सगळे लिहितात, काही नाही.
मीच शिकवलंय त्यांना.
एमेट लिहीत राहिला.
दंतवैद्याकडची गिरमिट भिंतीपलीकडे थांबली, पुन्हा सुरू झाली.

रोज संध्याकाळी गेलो. उभा राहिलो.
पश्चिमेच्या कोपऱ्यात कोल्हीनं तीन पिलं घातली, दोन जगली.
व्हर्नाला गाडीतूनच दाखवली.
तिला आता उतरता येत नाही.

संगणकाच्या चौकटीत दोनच उत्तरं बसतात.
मी "काही नाही" निवडलं.
कागद कपाटात ठेवला, त्याच्या शेताच्या चित्रावर.
वरून तो उतार नुसता करडा दिसतो.

शुक्रवारी ओलीटाकडे कुणीतरी खुर्ची माझ्याकडे ओढली.
"एमेट येऊन गेला म्हणे? काय केलं त्यानं?"
मी म्हटलं,
ते मीठ जरा इकडे दे.