धूळ खात

खोक्यावर लिहिलंय: दोन माणसं, तीन तास.
मी एकटी, शनिवारपासून.
एकशे बारा स्क्रू, त्यातले नऊ उरले,
म्हणजे नऊ जास्तीचे आले
किंवा नऊ ठिकाणी काहीतरी राहिलं.
पत्र्याच्या प्रत्येक सांध्यात सिलिकॉनची रेघ ओढली,
बोटानं दाबली, रात्रभर सुकू दिली.
मग पेटीतला दिवा लावला, गॅरेजमधला घालवला
आणि अंधारात पेटीभोवती प्रदक्षिणा घातली.
उजेड जिथून गळतो तिथूनच धूळ गळणार.
तीन ठिकाणी गळत होता.

आर्मांड लक्लेर रोज चारला येतो,
दारातच थांबतो.
ऑक्सिजनची बाटली चाकांवर, त्याच्या मागे,
म्हाताऱ्या कुत्र्यासारखी.
"वाळू भरू नकोस, ऑर्नेला."
नाही भरत. काचेचा चुरा आणलाय, पन्नास पौंडांची गोणी.
"नावात वाळू, पेटीत नाही," मी म्हणते.
तो हसायला जातो. हसू खोकल्यात उतरतं
आणि मी ते संपेपर्यंत
हातातलाच पाना शोधत राहते.

मार्च आहे. व्हरमाँटचा बर्फ पन्हळींतून ठिबकतोय,
मेपलच्या खोडांना बादल्या लागल्यात,
रस आटवायच्या भट्टीचं ओतीव दार
मला या आठवड्यात हवं आहे, गंजाशिवाय.
तळघरात ते चाळीस वर्षं धूळ खात पडलं होतं.
आजोबा उभ्यानं खायचे,
ग्रॅनाइटच्या शेडमध्ये, दिवसाचे दहा तास,
इतरांच्या थडग्यांवर द्राक्षांचे घड कोरत.
शेडमध्ये धूळ ओढणाऱ्या नळ्या बसल्या
त्या वर्षी ते खुर्चीत बसूनच झोपायचे.
आडवं झालं की छातीवर कोणीतरी बसतं, म्हणायचे.
कोण, ते कधी सांगितलं नाही.

आर्मांड नळ्यांनंतरचा.
"पण ती मेली हाताला अडायची," तो सांगतो,
"पानाची शीर कोरताना बरोबर मध्ये.
वळवून ठेवायचो बाजूला."
बाटलीच्या घड्याळातला काटा पाहतो.
"तरुण होतो."

कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा सापळा लावला,
ओल्या हवेत चुरा गुठळी धरतो.
व्हॅक्यूम आणि पेटीच्या मधोमध
धूळ गरगरवून खाली पाडणारं नरसाळं, त्याखाली प्लास्टिकची बादली.
पहिल्याच ओढीला बादली पोटात गेली,
धाडकन, जणू कुणी तिला काही सांगितलं.
आता तिथे पत्र्याचं पिंप आहे.
होजच्या अंगानं तांब्याची तार जमिनीत नेली,
नाहीतर दर वेळी झटका, कोपराला, खोडकर.

आणि आज, चार वाजून गेल्यावर,
बटण दाबलं.

काचेतून बघते तर हातमोजे उठलेले.
आत नुसती ओढ, त्या ओढीनं
दहाही बोटं टम्म, मनगटं भरलेली, कोपरापर्यंत,
पिवळ्या दिव्याखाली दोन हात
पुढे आलेले, काही न मागता.
आजोबांचा उजवा अंगठा वाकडा होता. हा सरळ होता.
तरी मी पाहिला.

"ओढ जास्त आहे," आर्मांड दारातून.
"मागं भोक पाड. तिलाही श्वास लागतो."

दीड इंचाचं भोक.
हातमोजे हळूहळू बसले, बोट बोट करत,
मग मी माझे हात घातले त्यांत.
आतून गार होते.

पाय दाबला. दाराच्या एका कोपऱ्यात
गंज सरला आणि राखाडी लोखंड आलं,
नाण्याएवढं, मग बशीएवढं,
कुणाच्या तरी ओतशाळेचं अर्धं नाव.
काच धूसर झाली, निवळली, धूसर झाली, निवळत राहिली.

आर्मांडनं खिशातून विजेरी काढली
आणि झोत गॅरेजच्या हवेत आडवा धरला,
बराच वेळ, भाव करणाऱ्यासारखा.
झोतात काही नाचत नव्हतं.
फारसं नाही.
"हं," म्हणाला,
आणि बाटलीची चाकं उंबऱ्यावरून
आत ओढली.