कारण : अनिश्चित

मॅनिटोबात जानेवारीत जळालेलं घर
बर्फाचं होतं.
बंबाचं पाणी भिंतींवरच गोठलेलं;
पुरावा काढायचा तर आधी वितळवायचा, बोटभर बोटभर,
आणि हीटर ठेवायचा वाऱ्याच्या खालच्या अंगाला,
त्याचं डिझेल नमुन्यात उतरायला नको.

आर्डिथ पेनर दर डब्याला हातमोजे बदलते.
झाकण, सील, वेळ, सही.
कोणाच्या हातून कोणाच्या हाती, तेही.

कोर्टात वकील काचेचा फोटो उंच धरतो :
"हे बारीक तडे. रॉकेल ओतल्याशिवाय पडतात?"
वीस वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, नाही पडत.
शपथेवर.
पडतात. तापल्या काचेवर
विझवणाऱ्यांच्याच पाण्याने.

समोर लॉर्न वीब. बायको त्या आगीत गेली.
भाजलेले हात मांडीखाली.
वाचवताना भाजले की पेटवताना,
कातडी सांगत नाही.

"मग आग लागली कशी?"
"ठरवता आलं नाही."
"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही."
"हो. तेच लिहिलंय मी."

बाहेर उणे तीस.
गाडीत बसून ती किल्ली फिरवत नाही.
तेव्हाच्या त्या माणसाचं नाव तिला पाठ आहे,
फाइल नंबरही.
कैदी नंबर शोधावा लागेल.