सोळा आणे

मार्च अखेर. गांधीबागेतल्या आमच्या विणकर पतसंस्थेत
कूलरला वाळा लावायचा राहिलेला,
आणि ताळेबंदात सतरा पैसे कमी.

सुजित बारापात्रे म्हणाला,
"मॅडम, सतरा पैशासाठी काऊन डोकं खपवून राहिल्या?
रस्त्यावर पडले त कोनी वाकत नाही."
नवी प्रणाली त्यानंच बसवलेली. हुशार पोरगा.
मी म्हटलं, चहा सांग. आणि बस इथं.

जुन्या प्रोग्रामात रक्कम अशी राहायची:
एका बाइटच्या खोलीत दोन आकडे, मध्ये पडदा.
सात म्हणजे सात, पाच म्हणजे पाच,
कोणी कोणात मिसळायचं नाही.
शेवटच्या अर्ध्या खोलीत खूण:
सी असला तर जमा, डी असला तर नावे.
दशांशाचं टिंब? ते कुठंच नसायचं.
फक्त ठरलेलं असायचं, की इथून पुढे पैसे.
झीरो माइलच्या खांबाशी उभं राहून बघ,
जमिनीवर रेघ दिसते का?
तरी जबलपूर तिथूनच लांब असतं.

जागा खायचं, खरं आहे. सावकाश चालायचं.

तुझ्या यंत्राला दोनच बोटं.
त्याला निमकी येते, पावकी येते,
पाऊणकी झोपेत म्हणेल.
अडतं ते दहाव्या हिश्शाला.
दहा पैसे मांडायला बसतं आणि मांडतच राहतं:
शून्य शून्य एक एक
शून्य शून्य एक एक
शून्य शून्य

ही वीण मी ओळखते.
तांडापेठेत, खड्ड्यात पाय सोडून बसलेले बाबा
हीच घालायचे: दोन खाली, दोन वर,
दोन खाली, दोन वर,
तिरपी रेघ सरकत जायची, जात राहायची.
ताणा संपला की कापायचे.
यंत्रही कापतं, पन्नासेक घरं झाली की कात्री.
उरलेलं सूत कोणाच्या घरी जातं
ते कोणी विचारत नाही.

बाबा, डोमाजी पराते,
नव्या पैशावर मरेपर्यंत रागावलेले.
मजुरी आण्यांतच मोजायचे,
चार बोटं, एकेकीवर चार ठिकाणं, अंगठा फिरवत.
आम्ही हसायचो.
आता कळतं, रुपयाचा सोळावा हिस्सा
या यंत्रात नेमका मावला असता,
धागाभरही इकडेतिकडे नाही.
सोळा आणे खरं.
आपणच रुपयाचे शंभर तुकडे केले
आणि ते नेऊन दिले अशाच्या हातात
ज्याला शंभर मोजता येतात, फोडता येत नाहीत.

सव्वाचारला सापडलं.
अनुसया धकाते, खाते क्रमांक चारशे बारा,
व्याज दोन रुपये साडेसदुसष्ट पैसे.
अर्धा पैसा वर धरायचा, अडुसष्ट करायचे,
आमच्या नियमांत तसं लिहिलंय.
पण यंत्राच्या पोटात तो अर्धा
पुरता अर्धा नव्हताच. केसभर कमी.
म्हणून खाली ढकलला.
असे सतरा जण.

"पन मॅडम," सुजित बराच वेळानं म्हणाला,
"ह्यात चुकलं कोठी?"
चुकलं कुठंच नाही रे. जवळपास आलं.
जवळपास उन्हाला चालतं,
पंचेचाळीस म्हण की सेहेचाळीस, घाम तोच.
पासबुकात नाही चालत.

तो काही बोलला नाही. खुर्ची ओढली,
रकमांची घरं एकेक करून पुन्हा बांधायला घेतली,
आकड्याला आकडा, पडद्याला पडदा.
मी सतरा व्हाउचरं लिहिली, एकेक पैशाची.
कार्बन काळा होता, बोटं रंगली.
चेअरमन सह्या करताना
माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटले.

एप्रिलात अनुसयाबाई आल्या, चष्मा घरी विसरून.
पासबुकातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं,
सुताचे जुने घट्टे अजून तसेच.
रक्कम विचारलीच नाही.
"जमा हाय ना वो बाई?"
आहे म्हटलं.
जमा आहे.