ताणलेला उ

नोव्हेंबर. सकाळचे नऊ वाजत आले
तरी खिडकीबाहेर अजून रात्रच.
पोरं येतात कपाळावर दिवे बांधून,
खाणीतून वर आलेल्या बुटक्या कामगारांसारखी.
बूट दाराशी, लोकरीचे मोजे ओले,
आणि एकोणीस जणांत मिळून
पुढचे दात शाबूत असलेले फक्त चार.
त्यामुळे आमचा स
वर्गभर शिट्टी वाजवत फिरतो.

मला ती ओपे म्हणतात. शिक्षिका हा आमचा अख्खा शब्द
त्यांच्या तोंडात मावत नाही अजून,
म्हणून पुढचा घास तेवढा तोडून घेतलेला.

आमच्या फिनिश भाषेचं एक बरं आहे,
जसं बोलावं तसंच लिहावं.
अक्षर कुठे लपून बसत नाही, मुकं राहत नाही.
लांबी मात्र मोजावी लागते,
शिंप्यासारखी.
तुलि म्हणजे आग.
उ जरा ताणला की तूलि, वारा.
आणि ल पाशी जीभ टाळ्याला लावून
क्षणभर तशीच धरली
की तुल्लि, जकातनाका.

म्हणून मी प्रत्येकाला एक रबरबँड देते.
आखूड उ ला ढिला,
लांब उ ला ओढा, ओढा, पार नाकापर्यंत.
ल्ल आला की बाकावर मूठ आपटायची,
थांबायचं, मग पुढे.
या पद्धतीवर कुठल्याच साहेबाचा शिक्का नाही.
आठवड्याला तीनेक रबरं तुटतात,
एक सिल्वीच्या वेणीत अडकलं
ते कापूनच काढावं लागलं.

गुरुवारी श्रुतलेखन घातलं.
आग. वारा. जकातनाका.
हळू म्हटले, प्रत्येक दोनदा, ओठ दिसतील असे.
ओइवाच्या वहीत एकाखाली एक

तुलि
तुलि
तुलि

लाल पेन हातात होतं. म्हटलं,
ओइवा, वाच बघू काय लिहिलंयस.
त्याने बोट ठेवलं,
त, उ, ल, इ, एकेक जुळवलं
आणि वाचलं, "आला."
खालच्या ओळीवर बोट. "आला."
त्याच्या खाली. "आला."

चूक कशी म्हणू?
आग आणि आला, आमच्याकडे दोघं
एकाच शब्दात राहतात,
एका खोलीतले दोन भाडेकरू.
तीस वर्षं शिकवतेय,
श्रुतलेखन घालताना मी एकाचंच दार वाजवलं.

ओइवाचा बाप जकात खात्यात.
पूर्वेचं फाटक बंद झालं, नाका ओस पडला,
त्याला धाडलं दक्षिणेला, कोत्काच्या बंदरावर.
बसने नऊ तास.
दर तिसऱ्या शुक्रवारी येतो. येणार असतो.
हे मला ठाऊक होतं,
एवढ्याशा गावात सगळ्यांनाच ठाऊक असतं.
शब्द निवडताना मात्र आठवलं नाही.

तरी दोन ओळींखाली लाल रेघ मारलीच.
वाऱ्याला त्याचा पुरता उ मिळायला हवा.
म्हटलं, अरे, वाऱ्याच्या जागी आग लिहून ठेवलीस
तर कुणी बंब घेऊन धावेल.
विनोद होता. तो हसला नाही.

सोमवारी तोच शब्द पुन्हा.
बाप आला होता म्हणे, पण शनिवारी पहाटे.
रस्त्यावर बर्फ, बस अडकलेली,
आणि वारा असा
की थांब्यावरची पत्र्याची पाटी रात्रभर बडबडत होती.
ओइवा झोपलाच नाही. ऐकत पडला.
वहीत होतं

तुउउउउउलि

मी मोजले. सहा.
"दोनच हवेत," म्हणाले आणि खोडरबर पुढे केलं.
तो खोडत बसला,
जीभ दातांच्या फटीतून बाहेर,
कागद पातळ होऊन खालची ओळ दिसेपर्यंत.
मग वही फिरवून माझ्यापुढे सरकवली.

तीन ठेवले होते.