प्रवास नाही

जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर आहे.
त्याला एसी, मला पंखा.
मार्चपासून मी माणसं वर चढवतोय :
कुठं जन्मली, शेवटी कुठं राहत होती, का आली,
कामाला किती किलोमीटर जातात, कशानं.

जिल्हा निवडा. तालुका निवडा. हिरवं बटण.
पहिल्याच रात्री गुवाहाटीच्या एका मुलीनं नोंदणी केली,
उद्देश : प्रबंध,
आणि दोन मिनिटांत अख्खं सोलापूर उतरवून घेतलं.
चार एमबी.
आमच्या गल्लीतली एक चादर याहून जड भरते.

आकडे जुने आहेत.
यातली किती माणसं आता दुसऱ्या रकान्यात गेली,
किती सगळ्याच रकान्यांतून,
ते बटणाला माहीत नाही.

येण्याची कारणं सात : रोजगार, व्यापार, शिक्षण, लग्न,
जन्मानंतर हलवलं, कुटुंबासोबत, इतर.
शेजारच्या नरसय्या यलदीला विचारलं, तू कशात?
करीमनगरकडून आला तेव्हा चौदाचा होता.
म्हणाला, मागाच्या मागं आलो.
मराठीत कापड विणतो तो माग,
आणि गेलेल्याचा काढतात तोही माग.
त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं,
त्याच्या घरात अजून तेलुगू बोलतात.
मी त्याला रोजगारात टाकला. तो हसला,
म्हणाला, तेव्हा मी मामाकडं फुकट राबायचो बे.

दुसरा तक्ता कामावर जाण्याचा.
सायकल, सहा ते दहा किलोमीटर, पुरुष.
या चौकटीवर माझं बोट थांबतं.
अक्कलकोट रोड, सकाळचे साडेसात,
हँडलला रिकामा डबा,
कानात रात्रपाळीचा खडखडाट अजून चालू.
परत येण्याचं अंतर कुणी विचारलेलं नाही.

पाचापेक्षा कमी माणसं असतील तिथं आकडा दाखवायचा नाही,
चांदणी टाकायची.
एकट्या माणसाला कुणी ओळखू नये म्हणून.
नियम बरोबर आहे. मीच लिहिलाय.

रविवारी कुंभारीत अव्वाला मोबाइलवर दाखवलं.
हे बघ, घरीच काम, स्त्रिया, 'प्रवास नाही'.
यात तू.
मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं,
बोटं थांबली नाहीत तिची.
आकडा वाचून दाखव म्हणाली. वाचला.
एवढ्या बाया, तिनं विचारलं, बसूनच होत्या?

मग मी हिशेब केला, आमच्या कामाला शोभेल असा.
घर ते विडीची ब्रँच दीड किलोमीटर.
डोक्यावर विड्या घेऊन जायचं, पानं-तंबाखू घेऊन यायचं.
वर्षाचे तीनशे दिवस, एकतीस वर्षं :
सत्तावीस हजार नऊशे.
चेकरनं छाट काढल्यावर
पुन्हा मारलेल्या खेपा धरलेल्या नाहीत.

सोमवारी तक्त्याखाली एक ओळ घातली.
टीप सात : 'प्रवास नाही' या रकान्यातल्या काही स्त्रिया
रोज चालत जातात.
हलगेकर मॅडम म्हणाल्या, स्रोत लिहा नाहीतर टीप काढा.
मी हो म्हणालो आणि जेवायला गेलो.
ती ओळ अजून तिथंच आहे.

काल गुवाहाटीची मेल आली.
नम्र विनंती, टीप सातचा स्रोत मिळेल का?

स्रोत एकच आहे.
एक म्हणजे पाचापेक्षा कमी.
उत्तरात मी आधी चांदणी टाकली,
बघत बसलो तिच्याकडं, पुसली.
अव्वाला फोन लावला :
एक मुलगी विचारतेय, तू कुठवर जातेस.
पलीकडं कात्रीचा आवाज चालू होता.
म्हणाली, सातला निघते मी.
ये म्हणावं. चपला जाड घाल म्हणावं.